"रबिंगने काही होत नाही, उगाच घाबरवू नका" या प्रतिक्रियेला उत्तर

गाडीच्या रबिंगवर, म्हणजे मशीनने रंग घासून चमक आणण्यावर, मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकं तापलं, खोटं कशाला सांगू, आणि दुसऱ्यांदा शांतपणे वाचली तेव्हा कळलं की तीन मुद्द्यांतला एक तुमचा शंभर टक्के बरोबर आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना उगाच घाबरवतोय, तुम्ही स्वतः सहा वर्षं दर तीन-चार महिन्यांनी रोटरी मशीनला (नुसतं गोल फिरणारं पॉलिशचं मशीन) वूल म्हणजे लोकरीचा पॅड लावून रबिंग करताय आणि गाडीला काही झालेलं नाही. दुसरं, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) इतका नाजूक असता तर कंपनीने मारलाच नसता. आणि तिसरं, मी लेखात जे लिहिलं की "मीटरवर १२० मायक्रॉन दिसले तर बिनधास्त करा" ते चूक आहे, कारण मीटर (रंगाची जाडी मोजणारा) क्लिअर कोट मोजतच नाही.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण तिथे मीच माती खाल्लीये. आपण वापरतो तो साधा मीटर पत्र्यापासून वरपर्यंत जे काय आहे ते सगळं मिळून मोजतो. त्यात सगळ्यात खाली ई-कोट (गंज रोखणारा पहिला थर) साधारण २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर ३०-३५, मग रंगाचा बेस कोट १५-२०, आणि सगळ्यात वर क्लिअर, तो ३५ ते ५० च्या आसपास. बेरीज शंभर-सव्वाशे होते, पण १२० दिसले म्हणून त्यात क्लिअर ४५ आहे की घासून घासून २५ राहिलाय हे मीटर सांगणार नाही. आणि रिपेंट झालेल्या दरवाज्यावर तर २५०-३०० सुद्धा दिसतील आणि तिथे वरचा क्लिअर पातळच असू शकतो, खाली सगळी पुट्टी आणि सरफेसर (जाड प्रायमर). थर वेगवेगळे मोजणारे अल्ट्रासोनिक मीटर असतात पण ते घरी कोण ठेवतं. म्हणून ते वाक्य मी काढून टाकलंय.

मग मीटर घ्यायचाच नाही का, तर घ्यायचा, पण तुलनेसाठी. म्हणजे एकच आकडा बघून निर्णय नाही घ्यायचा, सगळी गाडी फिरून प्रत्येक पॅनलवर पाच-सहा ठिकाणी मोजायचं. सगळीकडे ११५ ते १२५ येतंय आणि बॉनेटच्या एकाच कोपऱ्यात ९२ आलं, तर तिथे आधी कोणीतरी हात मारून गेलंय हे समजून तो कोपरा सोडून द्यायचा. दोन-तीन मायक्रॉनचा फरक मीटरच्याच चुकीत जातो, त्यावरून हिशोब मांडत बसू नका. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाहीत, आणि बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर दोन्ही धातूंवर चालणारा मीटर लागतो, नुसता चुंबकीय नाही.

आता तुमची सहा वर्षं. "काही झालेलं नाही" हे तुम्ही डोळ्यांनी बघून सांगताय, आणि नेमकी अडचण तीच आहे की क्लिअर कोट पातळ होताना काहीच दिसत नाही. ४० मायक्रॉन असताना जी चमक तीच १० असताना. जे दिसतं ते संपल्यावर दिसतं.

हे मी पुस्तकी नाही सांगत. सुरुवातीच्या दिवसांत मामाची काळी गाडी घेतली होती रबिंगला, रोटरी नवीन, उत्साह दांडगा. बॉनेटच्या पुढच्या कडेला एक ओरखडा होता तो जाता जात नव्हता, म्हणून मशीन तिथेच थांबवून जरा दाबलं. पॅडवर पांढऱ्या कंपाउंडमध्ये (घासायची जाडसर पेस्ट) करडी झाक दिसायला लागली, मला वाटलं मळ असेल, नीट धुतली नसेल गाडी. अजून दहा सेकंद. पुसून बघतो तर बोटाच्या पेराएवढा चट्टा, मधे मॅट काळा, कोरड्या पाटीसारखा, आणि भोवती चमकदार कडा, नकाशात बेट काढतात तसं. ओला केला की दिसेनासा व्हायचा, सुकला की परत हजर. त्यावर मी वॅक्स लावलं, पॉलिश लावलं, काय काय लावलं, पण बेस कोटला स्वतःची चमक नसतेच, ती सगळी वरच्या क्लिअरची. शेवटी अख्खं बॉनेट रंगवून द्यावं लागलं आणि मामा आजही ती गाडी मला धुवायला सुद्धा देत नाही.

तेव्हा क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला की मशीन बंद, त्याच सेकंदाला. (जुन्या सिंगल स्टेज रंगाच्या गाड्यांवर क्लिअर नसतोच, तिथे पॅडला रंग लागणं नॉर्मल आहे. आधी कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघा, कुठला प्रकार आहे ते कळतं.)

कंपनीने मारलाच नसता वगैरे मुद्द्यावर फार बोलत नाही. क्लिअर ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण झेलायला दिलाय, ऊन अडवणारी रसायनं त्यातच असतात. घासायला दिलेला नाहीये. बस.

पण तुमच्या कमेंटमधलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य वेगळंच आहे. "तीन महिन्यांत परत जाळी दिसायला लागते म्हणून करावंच लागतं." अहो, ही जाळी, म्हणजे बारीक ओरखड्यांचं जाळं, का दिसते याचा विचार केलात का? माझ्या मते दोन गोष्टी होतायत. एक म्हणजे रोटरी आणि वूल पॅड स्वतःच होलोग्राम सोडतात, ते सावलीत दिसत नाहीत, उन्हात गाडी उभी केली की तिरक्या रेघा नाचताना दिसतात. त्या लगेच का दिसत नाहीत तर बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात, ते ओरखड्यात भरून बसतात, चार वेळा गाडी धुतली की निघून जातात आणि खालचं सगळं उघडं पडतं. तुम्हाला वाटतं नवीन ओरखडे आले, खरं तर जुनेच आहेत, आणि तुम्ही त्यांच्यावर परत वूल पॅड फिरवता. पुढच्या वेळी रबिंग झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून त्याने एक पॅनल पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा, म्हणजे किती काम खरं झालं आणि किती नुसतं झाकलं गेलं ते समोर येईल.

दुसरी गोष्ट धुण्याची. बादलीच्या तळाशी बसलेली माती त्याच फडक्याने परत गाडीवर, किंवा धूळ बसलेली गाडी सुक्या कपड्याने झटकणं, यातूनच ती जाळी येते. आधी नुसत्या पाण्याने माती खाली पाडा, शाम्पूची बादली वेगळी आणि मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायची वेगळी ठेवा, पुसायला जाड मायक्रोफायबर घ्या आणि ते न दाबता फिरवा. एवढं केलं तर नीट केलेलं एक पॉलिश दोन-तीन वर्षं सहज पुरतं. म्हणजे सहा वर्षांत दोन-तीन वेळा, तुम्ही म्हणताय त्या हिशोबाने अठरा ते चोवीस वेळा झालंय.

करायचंच तर कसं, तेही विचारलंय तुम्ही, टोमण्यात का होईना. रोटरी ठेवून द्या, डीए मशीन (ड्युअल ॲक्शन, फिरता फिरता हलणारं) घ्या. तो जास्त दाबला किंवा कडेवर गेला की पॅडचं फिरणं थांबतं, नुसता थरथरतो, आणि नवशिक्याला हाच त्याचा फायदा. बॅकिंग प्लेटवर (पॅड बसतो ती चकती) मार्करने एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसतेय तोवर दाब बरोबर. सुरुवात सगळ्यात मऊ फोम पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने, साधारण दीड फूट चौकोनात, हळू हात, चार-पाच फेऱ्या, पुसून टॉर्चने बघायचं, आणि नाही जमलं तरच एक पायरी कडक पॅड. बहुतेक लोक उलटं करतात, आधी कंपाउंड. पॅड दर चौकोनानंतर ब्रशने साफ करा, भरलेला पॅड नुसता गरम होतो. पॅनलला हात लावून बघत रहा, कोमट ठीक, चटका बसायला लागला तर थांबा, आणि बंपरवर तर जास्तच जपा कारण प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, सगळी एका जागी साठते.

कडा आणि बॉडी लाईन मात्र मास्किंग टेपने झाकायच्याच, यात माझ्याकडे सवलत नाही. तिथे पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो आणि रंगही बऱ्याचदा तिथेच पातळ बसलेला असतो. टेप काढल्यावर ती अर्धा इंचाची पट्टी हाताने, बोटभर पॉलिश घेऊन करायची, आणि नाही चमकली पूर्ण तर नाही चमकली. तसंच ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणारा नाही, त्याच्या कडा जरा बोथट करून सोडून द्या, मला मामाच्या बॉनेटवर हेच जमलं नव्हतं.

आणि एक काम करा, खरंच. पुढचं रबिंग करायच्या आधी मीटर आणून तुमच्या बॉनेटच्या मध्यभागी, दोन्ही कडांना आणि छतावर मोजा, आकडे इथे टाका. छत आणि बॉनेटमध्ये फरक नसेल निघाला तर मी तुमच्या पहिल्या मुद्द्यावर पण माफी मागायला तयार आहे.