चिखलदऱ्याला जा, पण नागपूर सोबत न्या

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, कूलरची नवी खससुद्धा गरम हवाच फेकू लागली, की नागपुरातल्या घराघरांत एकच ठराव पास होतो: चिखलदऱ्याला जाऊ. पावसाळ्यात गरमी सरली तरी तोच ठराव पुन्हा पास होतो, कारण मागच्या खेपेला धुक्यातला फोटो राहून गेलेला असतो. जायलाच पाहिजे. फक्त तयारी नीट करा, राजेहो. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी हाकायची, ३,६०० फुटांवर चढायचं आणि रविवारच्या रात्रीपर्यंत तिथलं लोकजीवन पाहून परत यायचं, हे कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

पहाटे चारला निघायचं ठरवा, म्हणजे नऊला निघाल. तर्री पोहे खाल्ल्याशिवाय नागपूर सोडणं अपशकुनाचंच. मग कोंढाळीला चहा, अमरावतीच्या बायपासवर मॅपशी भांडण, परतवाड्याला जेवण, आणि ज्या घटकेला अख्खा विदर्भ घाटात असतो त्याच घटकेला तुम्हीही घाटात. परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत: एक धामणगाव गढी-मोथ्यावरून, दुसरी घटांगवरून. गर्दीच्या दिवशी पोलीस एका वाटेनं चढा, दुसरीनं उतरा असं सांगतात. ते तुमच्यासाठी नसतं. तुम्ही नागपूरचे आहात, खिडकीची काच अर्धी खाली करून तेवढं सांगितलं की पुरे.

घाट चढताना एसी फुल ठेवा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घुसमटवा आणि इंजिन तापल्याचा दिवा लागला की कंपनीला शिव्या द्या. उतरताना तर खरी हुशारी दाखवायची संधी असते: पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करा. गिअरमधलं इंजिन उतारावर गाडीला मागे धरून ठेवतं, ते काम तुम्ही बंद पाडलंत की सगळा भार ब्रेकवर येतो. चार वळणांत पॅड तापतात, सहाव्या-सातव्या वळणापर्यंत ब्रेक ऑइलही उकळू लागतं, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. म्हणून पेडल थेट तळाला जातं आणि गाडी आपल्या मर्जीनं जात राहते. तुमच्या पुढे एसटीचा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये घूंऽऽ करत, ब्रेकला अधूनमधून पाय लावत रमतगमत उतरत असेल. त्याला हॉर्न मारा. रोज याच घाटातून ये-जा करणाऱ्याला घाट काय कळतो?

धुकं लागलं की हेडलाइट अप्पर करा. धुक्याचे थेंब तो सगळा उजेड तुमच्याच डोळ्यांत परत फेकतात, समोर पांढरी चादर उभी राहते आणि व्हिडिओ झकास येतो. गाडी थांबवायची तर ऐन वळणावर, रस्त्याच्या मधोमध. दरी तिथूनच चांगली दिसते, आणि मागून येणाऱ्यांना तुम्ही दिसत नाही.

वर पोचलात की नाक्यावरच्या कराच्या पावतीसाठी पाच मिनिटं हुज्जत घाला. मग पॉइंट. चिखलदऱ्यात पाहायचं काय, याचं उत्तर पॉइंट. भीमानं कीचकाला मारून या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, ही कथा गाइड सांगत असताना मोबाइल पाहत राहा. घरी गेल्यावर ती तुम्हालाच सांगायची आहे, पण तेव्हा रचता येईल. सगळ्यात जास्त वेळ पंचबोल पॉइंटला ठेवा. तिथे ओरडलं की डोंगर आवाज परत देतात. स्वतःचं नाव ओरडा, मग पोराचं, मग पक्षाच्या नेत्याचं. इतक्या दूरवर येऊन आपलंच पाच वेळा ऐकायला मिळतं. या भागातल्या उरलेल्या सगळ्या आवाजांपेक्षा, म्हणजे पाखरं, वारा, गुरांच्या गळ्यातल्या घंटा वगैरे, हे केव्हाही सरस.

गाविलगड टाळला तरी चालेल, चालावं लागतं. पण गेलातच तर अभिमानानं जा, कारण किल्ला नागपूरकर भोसल्यांचा. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो घेतला आणि दोनच दिवसांत भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्याआधी इंग्रजांनी डोंगराला वळसा घालून, जंगलातून वाट काढत, जड तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या होत्या. तुमची गाडी मात्र दरवाजापर्यंत जात नाही म्हणून तुम्ही पार्किंगमधूनच परत फिराल, ही गोष्ट वेगळी. दरवाजावर गंडभेरुंड कोरलाय. दोन डोक्यांचा तो पक्षी शेकडो वर्षं ऊन-पाऊस खात तिथे बसला आहे. त्याच्या बाजूला खिळ्यानं आपलं नाव आणि खाली 'नागपूर' कोरायला विसरू नका. भोसल्यांचं राज्य गेलं, पण हक्क गेला नाही.

दुपारी रोडगे. हॉटेलातलं जेवण आपल्या जिभेला चालत नाही, तेव्हा कणीक घरूनच जाडसर दळून न्या, गोवऱ्या डिकीत टाका, वांगी आणि सावजी मसाला वेगळ्या पिशवीत. झाडाखाली, वाळल्या पाल्यावरच आर पेटवा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, वनखात्याचे मजूर भर उन्हात जाळरेषा काढून पालापाचोळा मागे सारत असतात. त्यांनी साफ केलेली जागा सतरंजीला नेमकी सपाट मिळते. रोडगा आतून शिजायला गोवरीची आच निवलेली, राखेत दबलेली लागते, त्यालाच पाऊण-एक तास जातो. मग जेवणं, मग सगळ्यांना झापड. निघताना राखेत एखादी गोवरी आतून लाल असतेच. तिच्यावर बिसलेरीतलं पाणी वाया घालवू नका. प्लास्टिकच्या प्लेटी तिथेच ठेवा, माकडं उचलतात. माकडांना वेफर्सही द्या. पुढच्या रविवारी तीच माकडं दुसऱ्या कुणाच्या पोराच्या हातातून पाकीट हिसकतील, त्याचा व्हिडिओ वेगळा.

आता लोकजीवन. हा भाग मेळघाटाचा, कोरकू आदिवासींचा. कोरकू या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ 'माणसं' एवढाच, त्यामुळे फार खोलात जायचं काम नाही. ही भाषा मराठीची बहीण नाही की हिंदीची मावशी नाही. तिचं गोत पार झारखंडच्या संथाली-मुंडारीत आहे. पाण्याला ती 'दा' म्हणते. तरीही तुम्ही जोरात, सावकाश आणि मोडक्या हिंदीत बोला: "ओ मावशी, इधर देखो ना, फोटो!" मावशी तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असेल, आणि मराठी तिला तुमच्याइतकीच येत असेल. गावात घरं समोरासमोर दोन रांगांत असतात, मधे रुंद मोकळी जागा. लोक ती सारवतात, तिथे धान्य वाळतं, पोरं खेळतात, होळीनंतर नाच होतो. तुमच्या डोळ्यांना ते पार्किंग दिसेल. लावा.

फोटोसाठी उत्तम वेळ म्हणजे मे महिना आणि टँकर आलेला असताना. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो, पण खाली काळा खडक आणि तीव्र उतार. पाणी सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांनी तापीत निघून जातं, आणि ज्या धबधब्याखाली तुम्ही ऑगस्टमध्ये भिजलात त्याच डोंगरावरच्या गावांत उन्हाळ्यात टँकर लागतो. टँकर गावच्या विहिरीत रिकामा करतात. पाइपातून धार तळाला आपटली की खालचा गाळ उसळून सगळं पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते निवळायची वाट पाहिली तर वाट्याला काही उरत नाही, म्हणून काठावर चारी बाजूंनी एकाच वेळी दोर सुटतात. बादली बादलीवर आदळते, दोर दोरात अडकतो, लहान पोरी वाकून बघतात. हंडा भरला की तोंडाला कापड बांधून गाळायचं आणि घराची चढण. कोन जरा वरून घ्या, रंगीत हंड्यांची रांग सुरेख येते. मग रूमवर जाऊन रिसेप्शनला फोन लावा: "शॉवरले प्रेशर काऊन नाही बे?"

घासाघीस हे संस्कृती समजून घेण्याचं साधन आहे, ते सोडू नका. दिवाळीच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला बाया टोपलीत सीताफळं घेऊन बसतात. जंगलात हिंडून तोडलेली, डोळे उघडलेली, एक-दोन दिवसांत पिकणारी. ती विकली गेली नाहीत तर उद्या सडणार, हे तिलाही ठाऊक आणि तुम्हालाही. तेव्हा गाडीतूनच भाव पाडा. फळं दाबून दाबून बघा, जिथे अंगठा दाबाल तिथे संध्याकाळपर्यंत काळं पडेल, पण ते टोपलीतच राहणार असतं. वाचलेल्या पैशांची रबडी घ्या. गवळ्यांची म्हशीच्या दुधाची रबडी, पसरट कढईत मंद आचेवर आटवलेली, साय पुन्हा पुन्हा काठाला सारून मग खरवडून आत घेतलेली. दहा लिटर दुधाची जेमतेम अडीच किलो होते. ती गरम असतानाच डब्यात घट्ट बंद करून डिकीत, गोवऱ्यांच्या उरलेल्या पोत्याशेजारी ठेवा. कोंढाळीला आंबट वास येईल. मग सगळ्यांना सांगा, चिखलदऱ्याची रबडी पहिल्यासारखी राहिली नाही.

डिसेंबरमध्ये जाल तर वेगळाच अनुभव. गावात शांतता. दारांना कुलपं, एखादी म्हातारी उन्हात बसलेली, दोन-चार कोंबड्या. 'इथं किती निवांत आयुष्य आहे' असं स्टेटस टाकायला याहून चांगली जागा नाही, रेंज मिळाली तर. माणसं कुठे गेली, हे त्या म्हातारीला विचारू नका, विषय लांबतो. दिवाळी झाली की बायकापोरांसकट घरंच्या घरं कपाशीच्या शेतांवर, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीला निघतात. होळीला परततात, मग फगवा, म्हणजे होळीची बक्षिशी, मागायला रस्त्यात आडवे येतात, तेव्हा तुम्ही काचा वर करून घेताच.

तेव्हा लोकजीवन अगदीच राहून गेलं असं वाटलं तर सोमवारी ऑफिसला जाताना बेसा किंवा मनीषनगरच्या बाजूनं जरा हळू चला. एखाद्या नव्या फ्लॅट स्कीमच्या स्लॅबखाली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या झोपडीपुढे तीन विटांची चूल मांडून एखादी बाई भाकरी थापत असेल. ती मेळघाटातली असेल किंवा नसेलही, विचारायला गाडी थांबवावी लागेल. तिथे मात्र फोटो काढू नका. वॉचमन हटकतो.