चार मतं, एक बोट

बऱ्याच महापालिकांप्रमाणे आमच्याही पालिकेची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनी कारभार हाकला. अखेर 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान ठरलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न खालीवर करत होता, "यादीत नाव आहे का?"

"ओळखपत्र आहे की!" मी म्हणालो.

"ते ठेवा कपाटात," वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले. "कार्ड नसलं तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन, काहीही चालतं. यादीत नाव नसलं तर मात्र कार्ड चाटायचंय का?"

निवृत्तीनंतर काकांकडे हे एवढंच खातं आहे, पण सांभाळतात चोख.

आम्ही घर बदललं होतं. नव्या मतदाराला सहा नंबरचा फॉर्म. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्यांना आठ नंबरचा. सात नंबर नाव वगळण्यासाठी. तो माझ्या हातून भरला जाऊ नये म्हणून काका खांद्यावरून स्क्रीनकडे बघत उभे होते. फॉर्म ऑनलाइन जातो. कसोटी लागते ती बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरत्या मतदारयादीचं काम बघणारे अधिकारी, पडताळणीला घरी येतात तेव्हा. आमच्या बीएलओ म्हणजे शाळेतल्या बाई. शाळा सुटल्यावर जिने चढत हिंडायचं, म्हणजे त्या माउलीला हात जोडावेत. पण त्या यायच्या तेव्हा आम्ही ऑफिसात, आणि वॉचमन त्यांना छातीठोकपणे सांगायचा, "राहत नाहीत हो ते, नुसते झोपायला येतात."

तरीही नाव चढलं. चिरंजीवांनी ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केल्याबरोबर सहा नंबर भरून टाकला आणि घरात लोकशाहीवर भाषणं देऊ लागले. तेव्हा काकांनी बॉम्ब टाकला, "याला या वेळी मत नाही."

त्याचं असं आहे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे आणि पालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. पण राज्य आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची तयार यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. कुठल्या तारखेची यादी घ्यायची ते आधीच ठरतं. या वेळी ती होती 1 जुलै 2025 ची. म्हणजे निवडणुकीचा भोंगा रस्त्यावर वाजू लागतो तेव्हा यादीचं दार बंद होऊन महिने उलटलेले असतात. मला विचाराल तर पहिला फ्लेक्स याच तारखेचा लागायला हवा. वाढदिवसांचे तेवढे कमी करा.

"म्हणजे पुढच्या वेळी मी तेवीस वर्षांचा असणार?" चिरंजीव.

"वेळेवर झाली तर," काका म्हणाले.

नोव्हेंबरात प्रभागांच्या प्रारूप याद्या लागल्या. त्यावर हरकत घेता येते, पण नवं नाव घालता येत नाही. नाव भलत्याच प्रभागात गेलं असेल, लेखनिकाची चूक असेल, विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळालं असेल, असल्या चुकांपुरतंच. आमच्या सोसायटीची ए विंग एका प्रभागात आणि बी विंग दुसऱ्यात पडली होती. अनेक वर्षं पार्किंगवरून भांडणाऱ्या दोन विंग्जना कुणीतरी अधिकृत सीमारेषा आखून दिली म्हणून दोन्हीकडे समाधान होतं. माझ्या बायकोच्या नावापुढे मात्र 'पु' छापलेलं. ती हरकत घ्यायला निघाली तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, आधी बघा, मिस्टरांच्या नावापुढे काय आहे."

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. मुंबईत 227 प्रभाग आणि एका मतदाराला एकच मत; तिथली माझी बहीण चहा उकळायच्या आत परतली. आमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून चार मतं. यंत्रावर प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. शाळेच्या वर्गातल्या ट्यूबलाइटखाली पांढरा आणि फिकट पिवळा यांत फरक करून दाखवणाऱ्याला खरं तर थेट नगरसेवक करावं.

माझ्यापुढच्या आजी आत गेल्या. एक बारीक आवाज झाला आणि त्या बाहेर निघाल्या.

"आजी, अजून तीन राहिली," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"मला एकच पसंत आहे."

"तसं चालत नाही. चारही झाल्याशिवाय बझर वाजत नाही. पसंत नसेल तर त्या-त्या रंगात सगळ्यात खाली 'वरीलपैकी एकही नाही' आहे, ते दाबा."

"मग तीनदा नाही म्हणायला मला परत आत पाठवताय होय?"

आजी आत गेल्या. बराच वेळ काहीच ऐकू येईना. रांगेतल्या एकाने घड्याळ पाहिलं, पोलिंग एजंटाने आवंढा गिळला. मग आतून प्रश्न आला, "अहो, पिवळ्यात कुणी शिकलेली बाई आहे का?"

"आजी, आम्हाला सांगता येत नाही!"

"तुम्हाला पगार कशाचा देतात?"

शेवटी बझर वाजला आणि रांगेतून टाळ्या पडल्या. त्या थांबायची वाट बघून आजींनी डाव्या तर्जनीवरची खूण उजेडात नीट निरखली आणि शाईवाल्या कर्मचाऱ्यापुढे उरलेली बोटं पसरली.

"मतं चार घेतलीत ना? मग शाई एकालाच का?"