कागद जळले नाहीत, रुमालांत बांधलेले आहेत

"मराठ्यांचे सगळे कागद इंग्रजांनी जाळले, उरलेले लंडनला नेले. आता हाती फक्त बखरी, आणि मोडी वाचणारं कुणी उरलं नाही." हा मजकूर मोबाइलवर सतत फिरतो. पुढे पाठवणाऱ्यांची हळहळ खरी असते, मजकूर खोटा.

जाळल्याचं आधी बघू. मे 1818 मध्ये इंग्रजी तोफांच्या माऱ्याने रायगडावर आग लागली, हे खरं. पण पेशव्यांचं पुण्यातलं दफ्तर इंग्रजांनी सांभाळलं. प्रेमापोटी नव्हे, साऱ्यासाठी. गावाचा वसूल किती, वतनदार कोण, इनाम कुणी दिलं, हे त्या कागदांवाचून कळणार कसं? 1852 च्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा लोकांचे दावे तपासायला, आणि कित्येक बुडवायलाही, हेच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडले गेले. आज ते पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 पासून त्यांतले वेचे 45 खंडांत छापले. वेचेच ते! जमाखर्चाचे ढीग अजून मोडीतच आहेत, आणि बाजारभावापासून गावच्या तंट्यांपर्यंत सगळं त्यांतच सापडतं.

लंडनला आहेत ते मुख्यतः कंपनीचे स्वतःचे कागद, वखारींचा पत्रव्यवहार. तेही मोलाचेच: 1674 च्या राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता, त्याची हकिकत त्यातलीच. पोर्तुगीज कागदांसाठी तर पणजी गाठली तरी पुष्कळ मिळतं.

"फक्त बखरी" म्हणणाऱ्यांनी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचा 1898 चा, जुनी पत्रं छापणारा पहिला साधनखंड उघडावा. पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं त्यात आहेत, आणि बखरी कुठे चुकतात हे प्रस्तावनेत पत्रांवरूनच दाखवलं आहे. सभासदाची बखरही शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजारामांच्या काळात लिहिलेली. ती वाचावी जरूर, पण समकालीन पत्राच्या जागी ठेवू नये.

राहिली मोडी. तिचे वर्ग आजही चालतात. अक्षरं बसतात, खरी कसोटी लागते ती तारखेला. पत्रावर "इहिदे सितैन मया व अलफ" दिसलं की नवखा थबकतो. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार: शुहूर सन (मराठी कागदांत वापरला जाणारा, अरबी अंकशब्दांत लिहिलेला सन) 1161. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून त्या पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनासाठी 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. पत्र 1760-61 चं ठरतं, म्हणजे पानिपतच्या वर्षाचं.