नकाराला जागा

फार गोड बोलणारी माणसं मला थोडी संशयास्पदच वाटतात. 'प्लीज', 'सॉरी', 'थँक्यू' यांचा सडा टाकणारा माणूस सभ्य असतोच असं नाही. "प्लीज, माझ्यासाठी एवढं करशीलच ना?" यात प्लीज आहे, पण नाही म्हणायला जागा कुठे आहे? माझ्या लेखी माणसाचं सौजन्य तिथे कळतं: त्याला नकार देताना समोरच्याच्या पोटात गोळा येतो का?

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेविन्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७८ साली सभ्य बोलण्याबद्दल एक सिद्धांत मांडला. माणसाला चारचौघांत दोन गोष्टी हव्या असतात: लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं आणि कुणी आपल्यावर जबरदस्ती करू नये. पहिली गोष्ट आपण उत्साहाने सांभाळतो. वाढदिवसाला भरभरून लिहितो, फोटोंवर बदाम टाकतो. दुसरीचं मात्र भानच नसतं. फोन उचलल्या उचलल्या "आत्ता बोलता येईल का?" असं किती जण विचारतात? आणि विचारलंच, तर उत्तराची वाट किती जण बघतात?

जवळच्या माणसांत शब्द फारसे लागतही नाहीत. २०१८ साली आठ भाषांमधल्या घरगुती, रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणीतरी मागितलेली गोष्ट दिली किंवा काम करून दिलं, तर आभाराचा शब्द साधारण वीसात एकदाच निघत होता. तरीही बहुतेक विनंत्या पुऱ्या होत होत्या. त्यामुळे घरात कुणी थँक्यू म्हटलं नाही म्हणून रुसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

खरी पंचाईत होते ती माणसं बरोबरीची नसतात तेव्हा. साहेबाने रात्री अकराला "सवडीने बघ" असं लिहिलं, तरी ती सवड हाताखालच्या माणसाची राहत नाही. म्हणून वरच्याने जास्त सांभाळून बोलायला हवं. आपल्याकडे चालतं नेमकं उलट. खालचा माणूस अदबीनं बोलतो आणि वरचा 'स्पष्टवक्ता' असतो. या स्पष्टवक्त्यांची एक गंमत बघा. "आपण बुवा तोंडावर बोलतो" म्हणणाऱ्याची जीभ त्याच्याही वरच्या माणसापुढे कशी छान वळते!

उर्मटपणाने नुसतं मन दुखावतं, असंही नाही. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. सराव म्हणून त्यांना एका आजारी बाळाचा प्रसंग हाताळायला दिला होता. काही पथकांना बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने जाता जाता कमी लेखणारे शेरे ऐकवले. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, नुसता खवचटपणा. तरी त्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. कारण माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली, मदत मागेनाशी झाली. टोमणा खाल्लेला माणूस पुढचा प्रश्न गिळतो, आणि कधी कधी नेमका तोच विचारायला हवा असतो.

एक मात्र मला अजिबात पटत नाही. तासन् तास ताटकळलेल्या माणसाचा आवाज चढला की खुर्चीतून हमखास येणारं "आधी नीट बोला". ज्याचं काम अडलंय त्याच्याकडूनच सभ्यपणाची वसुली! त्याचं गाऱ्हाणं बाजूला राहतं आणि चर्चा त्याच्या स्वरावर सुरू होते. मग सौजन्य म्हणजे गप्प बसवायचं हत्यार झालं की.

हल्ली काही मागायचं असेल तर मी सोबत "जमणार नसेल तर तसं कळव, चालेल" असं लिहिते. लिहिणं सोपं आहे. खरोखर "नाही जमणार" असं उत्तर आलं, की "का गं, काय झालं?" हे विचारायचं नाही, तिथे खरी कसरत असते. कारण विचारलं की समोरची बिचारी सबब शोधायला लागते, आणि दिलेली मोकळीक आपणच काढून घेतलेली असते.