रागावण्याची योग्य वेळ

आपण नुकतेच एखाद्या कबड्डी संघाचे मालक झाला असाल, किंवा सांगली-मिरजेकडील एखाद्या संस्थेच्या खर्चाने चार खेळाडू पगारावर ठेवले असतील, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. मॅट, बूट, प्रवासभत्ता आणि सरावाची अंडी-केळी यांची व्यवस्था आपण करालच. ती कोणीही करतो. खरी परीक्षा पुढे असते. आपला खेळाडू रात्री साडेअकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या कोणाची तरी जात, रंग, धर्म किंवा बाईपण काढून चार ओळी लिहितो आणि सकाळी त्या ओळी आपल्या प्रायोजकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात, तेव्हा मालकाला रागवावे लागते. रागावणे हे वाटते तितके सोपे काम नाही. चुकीच्या वेळी रागावलेला मालक हास्यास्पद होतो, आणि मनापासून रागावलेला तर धंद्यातूनच उठतो.

पूर्वतयारी म्हणून करारात एक कलम घालून ठेवावे. ‘संघाच्या, खेळाच्या अथवा प्रायोजकाच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन’ एवढे शब्द पुरेत. आक्षेपार्ह म्हणजे नेमके काय, हे मात्र लिहू नये. लिहिले की ते आपल्यालाही लागू होते. पूर्वी असल्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीला लिहिल्याबद्दल आणि दुसरीला ते लाईक केल्याबद्दल. त्यावरून देशभर गदारोळ उठला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले, कारण त्यातील शब्द इतके मोघम होते की त्यांत कोणालाही बसवता येत होते. पोलिसांच्या हातून निसटलेला तो मोघमपणा आता मालकांच्या करारांत सुखाने नांदतो आहे. आपला खेळाडू सरकारी नोकरीत असेल तर आपल्याला एवढेही कष्ट नाहीत. त्याच्यासाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच, शिवाय जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराविषयी राज्य शासनाने वेगळा शासन निर्णय काढला आहे. (गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणले आणि पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, तेव्हा असले काही लागत नव्हते. खेळाडूची प्रतिमा जपायची तर आधी खेळाडू आठवावा लागतो.)

आता वेळेविषयी. खेळाडूला घेताना त्याने पूर्वी काय लिहिले आहे, हे चुकूनही वाचू नये. वाचले तर आपल्याला माहीत होते असे होईल, आणि माहीत असलेल्या गोष्टीवर धक्का बसल्याचे पत्रक काढता येत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाकडे पाहावे. २०२१ च्या जूनमध्ये ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरला. त्या सकाळी इंग्लंडचा संघ भेदभावाविरुद्धच्या घोषणा छापलेले टी-शर्ट घालून मैदानावर रांगेत उभा राहिला होता, आणि दिवस संपेपर्यंत त्याच रांगेतल्या रॉबिन्सनचे २०१२-१३ मधील वर्णद्वेषी व स्त्रियांना हिणवणारे ट्वीट लोकांनी शोधून काढले होते. एवढी वर्षे ते उघड्यावर पडलेले होते. चेंडू कुठे टप्पा घेतो याची इंचाइंचाने नोंद ठेवणाऱ्या मंडळाला ते दिसले नाहीत, यालाच मी व्यावसायिक शिस्त म्हणतो. रॉबिन्सनने त्याच संध्याकाळी माफी मागितली, सामन्यात सात बळी घेतले, ४२ धावा केल्या आणि सामना संपल्यावर तो निलंबित झाला. ते ट्वीट लिहिताना तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पोरवयात लिहिलेल्या घाणीचा हिशेब सत्ताविसाव्या वर्षी कसा करावा, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे, पण आपण मालक आहात आणि अवघड प्रश्नांसाठी समिती नेमता येते. समितीने आठ सामन्यांची बंदी आणि ३,२०० पौंडांचा दंड सुनावला. आठांपैकी पाच सामने दोन वर्षांसाठी स्थगित ठेवले आणि उरलेले तीन त्याने आधीच बाहेर बसून भरले आहेत असे धरले. निकाल वाचून झाला तेव्हा शिक्षा भोगूनही झालेली होती. असा हिशेब आपल्याकडे पतसंस्थेच्या ऑडिटरलाही सहज जमत नाही.

राग कधी यावा हे ठरवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रायोजकाचे तोंड पाहणे. ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इस्राएल फोलाऊ याने २०१८ मध्ये समलिंगी माणसे नरकात जाणार असे इन्स्टाग्रामवर लिहिले. प्रायोजक विमान कंपनीने नाराजी कळवली, संघटनेने समजूत काढली, आणि पुढे त्याच खेळाडूशी २०२२ पर्यंतचा नवा करारही झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याने पुन्हा जवळपास तेच लिहिले, या खेपेला नरकात दारुडे, व्यभिचारी, चोर आणि नास्तिक यांनाही जागा देऊन, आणि मे महिन्यात करार रद्द झाला. वर्षभरात नरकाच्या पत्त्यात बदल झालेला नव्हता. संयमाची मुदत तेवढी संपली होती. प्रकरण कोर्टात गेले, डिसेंबरमध्ये गुप्त रकमेवर तडजोड झाली आणि संघटनेने फोलाऊची व फोलाऊने संघटनेची माफी मागितली. नरकात पाठवलेल्यांपैकी त्या खोलीत कोणी नव्हते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तंत्र तिच्यावर उभे आहे.

परदेशातल्या उदाहरणांनी आपले समाधान होणार नाही, म्हणून जवळचे सांगतो. गेल्या पावसाळ्यात सांगलीतील एका क्रीडा मंडळाच्या बैठकीला बसण्याचा योग मला आला. मंडळाचे नाव सांगत नाही. मला त्या रस्त्याने रोज जायचे असते. मंडळाच्या एका पगारी चढाईपटूने मंडळाच्याच मुलींच्या संघाच्या फोटोखाली ‘यांची चढाई चुलीपर्यंतच’ असे लिहिले होते, आणि त्याखाली आणखी एक वाक्य होते जे मी इथे लिहीत नाही. मुलींच्या कर्णधाराने दुसऱ्याच दिवशी ते सरचिटणीसांना दाखवले. ‘पोरं हायत, सोडून दे बाळ,’ असा निकाल तिला मिळाला. मजकूर तीन आठवडे तिथेच राहिला. मग कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो मंडळाच्या जर्सीवर ज्यांचे नाव असते त्या ट्रॅक्टर विक्रेत्याकडे गेला, आणि त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची पुतणी नेमकी त्या फोटोत निघाली. चोवीस तासांच्या आत तातडीची बैठक लागली.

हरभट रोडवरून रंगीत झेरॉक्स काढून आणल्या होत्या. एका बाजूने भडंगाच्या बशा फिरत होत्या आणि दुसऱ्या बाजूने ते कागद. अध्यक्षांच्या मागे स्मृती मानधनाच्या अभिनंदनाचा जुना फलक होता. त्यावर सांगलीच्या या लेकीच्या फोटोपेक्षा पदाधिकाऱ्यांचे फोटो मोठे होते. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद हातभर लांब धरून वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “लाईक किती पडल्यात?”

“एकशे बारा, आण्णा.”

“आपल्यातलं कोण हाय का त्यात?”

कागद पुन्हा फिरला. दुसऱ्या पानावर, वरून चौथे, उपाध्यक्षांचे नाव निघाले. त्यांनी कप बशीत ठेवला आणि बोट चुकून लागले असे सांगितले. त्यांच्या नावाशेजारी साध्या अंगठ्याऐवजी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा होता, आणि तो उमटवायला बोट जरा वेळ दाबून धरावे लागते. पण हा मुद्दा बैठकीत कोणी काढला नाही. माझ्यासकट. मी भडंग खात होतो.

त्यानंतर कामकाज झपाट्याने झाले. चढाईपटूला तीन महिने निलंबित करण्याचा ठराव एकमताने संमत झाला, अर्थात पुढच्या तीन महिन्यांत एकही स्पर्धा नाही हे कॅलेंडरात पाहून घेतल्यावरच. लॉर्ड्सचा दाखला कोणाच्याही समोर नसताना हे त्यांना सुचले, म्हणून अनुभवी पदाधिकाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

दंडाची रक्कम कुठे द्यावी, याचाही विचार आपण आधीच करून ठेवावा. २०१९ च्या जानेवारीत हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमात स्त्रियांविषयी जे बोलले गेले त्यावरून ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून परत बोलावले. ते समाजमाध्यमावर लिहिलेले नव्हते, पण बोभाटा तिथेच झाला. दोन आठवड्यांत निलंबन उठले, आणि एप्रिलमध्ये क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले. त्यांपैकी १० लाख हुतात्मा झालेल्या निमलष्करी दलांच्या दहा जवानांच्या कुटुंबांना आणि १० लाख अंध क्रिकेटपटूंच्या निधीला. दोन्ही कामे इतकी पवित्र आहेत की त्यांवर बोट ठेवणाऱ्यालाच लाज वाटावी. ज्यांच्याविषयी बोलले गेले त्या स्त्रियांशी त्यांचा काय संबंध, हे विचारायला मग कोण उभा राहणार? आमच्या मंडळाने पाच हजारांचा दंड वृक्षारोपणाला दिला. झाडांना कोणी चुलीपाशी पाठवले नव्हते.

एकाच बाबतीत मात्र दयामाया करू नये, आणि ती म्हणजे खेळाडूने आपल्यालाच काही म्हटले तर. इंग्लंडचा फलंदाज केविन पीटरसन याने २०१० मध्ये स्वतःला संघातून वगळल्याचे एका शिवीसकट ट्विटरवर जाहीर केले आणि तिथल्या क्रिकेट मंडळाने त्याला दंड केला. त्यात कोणाचा धर्म नव्हता, कोणाचा वर्ण नव्हता. निवड समितीचा मान तेवढा होता. तिथे थांबायचे नसते.

उरली माफी. ती खेळाडूला स्वतःच्या शब्दांत लिहू देऊ नये, कारण तो खरेच काहीतरी लिहून बसेल. आमच्या सरचिटणीसांनी ती तोंडी सांगितली आणि पोराने मान खाली घालून उतरवून घेतली: ‘माझ्या वक्तव्यामुळे जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो. मंडळाची, प्रायोजकांची व क्रीडाप्रेमी नागरिकांची मी क्षमा मागतो.’ त्यातील ‘जर’ खोडून पोराने नुसते ‘दुखावल्या’ लिहिले होते. सरचिटणीसांनी ते पुन्हा घालून घेतले. खाली प्रत माहितीसाठी म्हणून अध्यक्ष, प्रायोजक, जिल्हा संघटना आणि तीन दैनिकांचे वार्ताहर अशी नावे आली.

एवढ्यात मुलींची कर्णधार मैदानाच्या खोलीची किल्ली मागायला दारात आली. पाच वाजता त्यांचा सराव असतो. बैठक चालू असल्याने तिला बाहेरच्या बाकावर बसवले होते, आणि आता ती दिसलीच म्हणून सरचिटणीसांनी माफीपत्र तिच्या हातात दिले, वर वीस रुपये दिले आणि पळत जाऊन सहा झेरॉक्स काढून आणायला सांगितले. तिने कागद उभ्या उभ्या वाचला, खालची नावे बोटाने मोजली आणि विचारले, “सात काढू का, काका?”

“सात कशाला? सहा बास झाल्या,” सरचिटणीस म्हणाले, “आणि उरलेले पैसे परत आण.”