राहू दे की आतच!

पाना लावायच्या आधीच बोल्टचं डोकं हातात आलं. तुटून नव्हे, ते चिकटवलेलंच होतं. जुन्या डिझेल जीपचा वॉटर पंप गळत होता, म्हणून गॅस्केट (पंप आणि ब्लॉकच्या मधली गळती थांबवणारी पट्टी) बदलायला पंप उतरवायचा होता, आणि सहा बोल्टांपैकी एकाचं नुसतं डोकं काळ्या सिलिकॉनवर बसवलेलं निघालं. धड आत, ब्लॉकच्या तोंडापासून दोनेक मिलिमीटर खाली, गंजून पडलेलं. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी गॅरेजात तो तुटला, तिथल्या कलावंतानं इकडंतिकडं पाहिलं, डोक्याला सिलिकॉन फासून जागेवर दाबलं, वरनं फडकं मारलं आणि बिलात ‘पंप फिटिंग’ लिहून मोकळा झाला. वर डोक्याचे कोनसुद्धा शेजारच्या बोल्टांशी जुळवलेले. एवढी नजर आणि एवढी सवड माणसाला होती, तर बोल्ट काढायला काय झालं होतं?

असो. शिव्या देऊन झाल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की बोल्ट तुटला कशानं. त्यावर पुढचं सगळं ठरतं. आवळताना जास्त जोर लागून तुटला असेल, तर नशीब चांगलं. डोकं गेलं की ताणही गेला, मग उरलेला तुकडा आट्यांत जवळजवळ सैलच असतो. टोकदार पंच कडेला तिरका धरून उलट्या दिशेनं हलकं ठोकत गेलं तरी तो फिरायला लागतो. पण सोडवताना तुटला असेल, तर आट्यांनीच त्याला धरून ठेवलेलं असतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो आणि आट्यांमधल्या फटी पाचरीसारख्या भरून टाकतो. आमचा दुसऱ्या जातीचा. गंज सोडवायचं तेल टाकायचं, पंच ठेवून हातोडीनं सरळ चार ठोके द्यायचे म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत उतरतं, आणि रात्रभर विसरून जायचं. विसरून जाणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो होऊ दिला नाही.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. कोणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की कोल्हापुरात कुठंही असले तरी त्यांना ते कळतं.

“काय ओ, काय शोधायलाय आत?”

“बोल्ट तुटलाय, काका.”

“पडला कुठं?”

“पडला नाही. आतच आहे.”

“मग आहे की!” काका सुखावले. “मला वाटलं हरवला.”

तुटलेला बोल्ट बाहेर काढावा लागतो हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. “बाकीचे पाच आहेत न्हवं? मग एकानं काय हुतंय? राहू दे की आतच!” मी सांगितलं, की तिथं गॅस्केट दाबलं जात नाही, म्हणून तर पाणी गळतंय. यावर काका म्हणाले, “गळलं ते पाणी. गाडी तर चाललीच न्हवं?” या वाक्याला उत्तर नाही. मी अजून शोधतोय.

मग काकांनी आपण होऊन टॉर्च धरला. टॉर्च धरणाऱ्या माणसाचा एक नियम आहे. तो जिकडं बोलतो तिकडं उजेड पाडतो, आणि काका सतत माझ्याशी बोलत होते. मी सेंटर पंच बोल्टच्या मध्यावर आणायचा आणि ऐन ठोका मारताना उजेड माझ्या डोळ्यांत यायचा. आता हा मध्य म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. आठ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये आट्यांच्या तळाशी साडेसहा मिलिमीटर माल असतो. त्यात पाच मिलिमीटरचं भोक पाडलं तर भिंत उरते पाऊण मिलिमीटर. म्हणजे पंच पाऊण मिलिमीटर बाजूला पडला तरी एका बाजूला भिंत उरतच नाही. वर तुटलेलं तोंड कधी सपाट नसतं, आणि बिडाचा ब्लॉक बोल्टपेक्षा मऊ, त्यामुळं ड्रिल संधी मिळताच बोल्ट सोडून ब्लॉकमध्ये घुसतं. याला खात्रीचा इलाज एकच. पंप परत जागेवर बसवायचा आणि त्याच्याच भोकातनं ड्रिल घालायचं. भोक ९ मिलिमीटरचं असेल तर बाहेरून ९ आणि आतून ४ मिलिमीटरचा बुश, म्हणजे छोटी नळी, लेथवर करून आणायचा. उद्यमनगरात असलं काम चहा येईपर्यंत होतं. ड्रिल बुशमध्ये गेलं की ते मध्यावर जाणार, मग टॉर्च काकांच्या हातात असो नाहीतर देवाच्या.

“पण उलटं फिरवून काढा की सरळ,” काका म्हणाले. मी म्हटलं, त्यासाठी डाव्या फिरकीचं ड्रिल मिळतं. भोक पाडता पाडताच ते बोल्टला सोडवायच्या दिशेनं ढकलतं, आणि पुष्कळदा तुकडा ड्रिललाच चिकटून बाहेर येतो.

काकांनी माझ्या हातांकडं निरखून पाहिलं. “पण तुम्ही तर उजवेच की.”

“म्हणजे?”

“डावखुऱ्यांचं ड्रिल तुम्हाला कसं चालंल?”

मी हसलो. काका हसले नाहीत. उलट पुढं दुकानातही हाच अनुभव आला. डाव्या फिरकीचं चारचं ड्रिल मागितलं, तर काउंटरवरच्या पोरानं भिंतीत भोकं पाडायचं ड्रिल समोर ठेवलं आणि म्हणाला, “मशीन रिव्हर्सला टाका की, झालं डावं.” साधं ड्रिल उलटं फिरवलं तर त्याची धार कापत नाही, नुसती घासते आणि बोल्टचं तोंड तापून कडक होतं, हे त्याला सांगण्याएवढा धीर उरला नव्हता. दहा हजाराची मशीन विकतील, पण तिला लागणारं योग्य ड्रिल ठेवणार नाहीत. मागणी नाही म्हणतात. ठेवलंच नाही तर मागणी कुठनं येणार?

त्यानं एक्स्ट्रॅक्टर मात्र हौसेनं दाखवला, स्वस्तातल्या पाचांचा सेट. हा उलट्या आट्यांचा निमुळता खिळा भोकात घालून फिरवायचा असतो. दिसायला इतका गुणी, की माणूस फसतोच. खिळा निमुळता असल्यामुळं जितका फिरवाल तितका तो बोल्टची पातळ भिंत बाहेर दाबतो, म्हणजे गंजलेला बोल्ट आणखी घट्ट बसतो. जोर वाढवला की खिळा मोडतो, आणि तो कडक पोलादाचा असल्यामुळं साधं ड्रिल त्याच्यावरून नुसतं घसरतं. मग कार्बाइडचं ड्रिल, नाहीतर ब्लॉक उतरवून ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवर नेणं. शे-दोनशेचा खिळा वाचवायला इंजिन खाली. गंजून बसलेल्या बोल्टला एक्स्ट्रॅक्टर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानातनं परत आलो, तर वरच्या मजल्यावरनं काका खाली उतरले ते मुठीत काहीतरी घेऊन. फ्रिजवरचा चुंबक. गणपतीचा. “लावून बघा,” म्हणाले. मी लावला. तो ब्लॉकला चिकटला, कारण ब्लॉकही लोखंडाचाच. “बघा, वढतोय की!” काका म्हणाले.

शेवटी सीओटू वेल्डिंगवाल्या पोराला बोलावलं. भोकं आधीच पाडत बसू नये ती याचसाठी. बोल्ट भरीव असला तर वेल्डला पकड मिळते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. ब्लॉकमधलं पाणी सोडलं, भोकातलं तेल जाळून पुसलं. त्यानं बोल्टच्या मध्यावर थेंबावर थेंब चढवत तुकडा तोंडाच्या वर आणला, वर दहाचा नट ठेवला आणि नट आतून भरला. थेंब आट्यांच्या भिंतीला लागला तरी घाबरायचं कारण नाही, पोलादी तार बिडाला फारशी धरत नाही. खरं काम नट नाही करत, ताप करतो. लाल झालेला बोल्ट फुगू पाहतो, गार ब्लॉक त्याला फुगू देत नाही, म्हणून निवताना तो मूळ मापापेक्षा किंचित आखडतो आणि गंजाची पकड सुटते. लाली गेली की कडेला मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मग पाना लावून थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, परत सोडायचं. एकदम ओढलं तर नट उपटून येतो, आणि तो येतोच. मग परत नवा नट, परत ताप. घाई करायची नाही.

नट फिरला. करकरत, पण फिरला. काका म्हणाले, “चुंबकानं सैल केलावता आधीच.”

पुढचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक ते टाळतात. एम-८ चा (आठ मिलिमीटरचा), सव्वा पिचचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हातानं फिरवून आटे साफ करायचे, हवेनं भोक मोकळं करायचं. भोक बंद तळाचं असेल तर त्यात तेल राहू द्यायचं नाही. बोल्ट आवळताना कोंडलेलं तेल ब्लॉकला तडा देऊ शकतं. भोक ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत निघत असेल तर आट्यांना सीलंट हवं. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे नवे आटे. त्याऐवजी “दहाचा आटा मारून देतो की” म्हणणारा कारागीर भेटला तर आधी त्याला विचारायचं, की मागं भिंत किती उरते. उत्तर येणार नाही.

नवा बोल्ट घ्यायचा तो डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा छापलेला, जुन्याएवढ्याच लांबीचा. लांब घेतला तर तळाला टेकतो आणि आवळल्यासारखा वाटून सैलच राहतो. या मापाला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. वीस सेंटिमीटरच्या पान्याला साडेबारा किलोचा ओढा, बस्स. तोच ओढा पान्यात पाइप घालून साठ सेंटिमीटरवर दिला की तिप्पट होतो, आणि मग बोल्ट तुटतो, सिलिकॉन निघतं, डोकं चिकटतं. हे मोजायचा टॉर्क रेंच कित्येक गॅरेजांत असतो. काचेच्या कपाटात, कुलपात. खंडेनवमीला बाहेर काढून त्याला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात आणि परत ठेवून देतात. पाइप मात्र वर्षभर हाताशी असतो.