आपलेच पाय धरताना

माझ्या टाचांचे प्रकरण एका चादरीमुळे उघडकीस आले. रात्री कूस बदलताना डावी टाच चादरीवरून सरकली, ‘खर्रर्र’ असा आवाज झाला आणि भेगेच्या कडेत अडकलेला एक धागा चांगला वीतभर बाहेर आला. सकाळी तो धागा दोन बोटांत धरून बायकोने विचारले, “अहो, तुम्ही रात्री झोपता की चादर उसवता?” माझे मोजे नेहमी आतल्या बाजूने झिजतात, हे यापूर्वीच माझ्या लक्षात यायला हवे होते, पण त्याचा दोष मी आजवर मोज्यांनाच देत आलो होतो.

टाच आपल्या मालकीची असली, तरी तिचे दर्शन सहजासहजी घडत नाही. न्हाणीघरात बादली पालथी घालून मी तिच्यावर बसलो, डावा पाय उजव्या गुडघ्यावर चढवला आणि तळवा उजेडाकडे वळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कमरेने आणि गुडघ्याने एकाच वेळी हरकत घेतली. कामे करून घेण्यासाठी मी आयुष्यात पुष्कळांचे पाय धरले आहेत, परंतु स्वतःचे पाय धरणे त्या सर्वांहून अवघड निघाले. अखेर जे दिसले ते असे: टाचेच्या कडेने पिवळट, शिंगासारखा कडक काठ तयार झाला होता, त्यात लहानमोठ्या सहा भेगा होत्या आणि त्यांतल्या सर्वांत खोल भेगेच्या तळाशी लालसर मांस डोकावत होते. अंगठ्याच्या मुळाशी कोटाच्या बटणाएवढा एक घट्टा होता आणि करंगळीवर एक कुरूप. घट्टा हा स्वभावाने पसरट आणि सहसा निरुपद्रवी असतो. कुरुपाला मात्र मध्ये कठीण गाभा असतो आणि त्याचे टोक आतल्या बाजूला रुतलेले असते, त्यामुळे बूट घातला की खडा टोचल्यासारखी कळ येते. ‘तळपायाची आग मस्तकात जाणे’ हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला, त्याला रागापेक्षा कुरुपाचा अनुभव अधिक असावा, अशी माझी खात्री आहे.

निदान स्वतः केल्यावर उपचारही स्वतःच करावेत, असे मला वाटले. पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत आणि कातडी मऊ झाली की वज्रीने किंवा खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासावे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, मलाही होती. परंतु दगड फिरवल्यावर निघणारा तो करडा लगदा पाहून माणसाला एक प्रकारचा कैफ चढतो. रंधा मारणाऱ्या सुताराला लाकडाचा गुळगुळीतपणा जसा खुणावत असेल, तशी मला टाच खुणावू लागली आणि पाऊण तासाने मी थांबलो, तेव्हा टाच खरोखरच गुळगुळीत झाली होती, फक्त तिच्यावर उभे राहता येत नव्हते. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे ते हेच. माझा धोंडा ज्वालामुखीच्या फेसाळ लाव्ह्याचा बनलेला, सच्छिद्र आणि पाण्यावर तरंगण्याइतका हलका होता, एवढाच काय तो फरक. शिवाय कातडीच्या लेखी घासणे म्हणजे हल्लाच. त्यामुळे महिन्याभरात तिने पूर्वीपेक्षा भक्कम तटबंदी उभारली.

कुरुपावर मी औषधी पट्टी लावली. अशा पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते आणि ते कठीण झालेली कातडी हळूहळू मऊ करून सोडवते; मात्र ही कातडी कोणाची आहे, याची चौकशी ते करत नाही. झोपेत पट्टी सरकून शेजारच्या बोटावर गेली आणि सकाळी ते निरपराध बोट पांढरेफटक पडून सोलवटलेले दिसले. कुरूप जिथल्या तिथे, ठणठणीत.

मग मात्र मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी सर्वप्रथम मला मधुमेह आहे का, हे विचारले, कारण मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, लहानशी जखमही चिघळू शकते आणि म्हणून अशा माणसाने घरी पाते किंवा आम्ल वापरायचेच नसते. मला तो नाही, हे कळल्यावर त्यांनी निश्चिंतपणे मला रागावायला सुरुवात केली. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात. तिथे घामाच्या ग्रंथी तेवढ्या भरपूर असतात. शिवाय ही कातडी शरीरात सर्वांत जाड. उभे राहिले की टाचेखालची चरबीची गादी वजनाने बाजूला पसरते, कोरडा काठ तिच्याबरोबर ताणला जात नाही आणि मग तो फाटतो. मागून उघड्या चपलेत तर तिला पसरायला मैदानच मिळते. ‘वजनाने’ हा शब्द उच्चारताना बाईंनी माझ्या पोटाकडे पाहिले, ते मी मनावर घेतले नाही.

त्यानंतर त्यांनी मला एका कागदावर उभे केले, पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्या आकृतीवर माझाच बूट ठेवला. बुटाच्या दोन्ही बाजूंनी माझे पाऊल बोटभर बाहेर उरले. कित्येक वर्षे मी त्या पावलाला रोज आठ-नऊ तास त्या बुटात कोंबत होतो आणि वर कुरूप कशाने झाले, असे विचारत होतो.

औषध म्हणून युरियाचे मलम मिळाले. युरिया म्हटल्यावर मला आधी खताचे पोते आठवले आणि मग लघवी, आणि या दोन्ही गोष्टी आठवणे चूक नव्हते. असे पदार्थ सजीवांच्या देहातच घडू शकतात, या समजुतीला १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवून धक्का दिला होता. दहा टक्क्यांपर्यंतचा युरिया कातडीत ओलावा धरून ठेवतो आणि वीस ते चाळीस टक्क्यांचा जाड थर सैल करतो. पाय पुसल्यावर कातडी किंचित ओलसर असतानाच मलम चोळायचे, त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा आणि सुती मोजे घालून झोपायचे. “आणि बोटांच्या बेचक्यांत अजिबात लावू नका,” बाईंनी दोनदा बजावले, “तिथे ओल राहिली की बुरशी येते.”

हे सर्व लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात माखलेल्या पायांनी न्हाणीघरापासून पलंगापर्यंतचे अंतर मी टाचा उचलून, भिंतीला धरत, बगळ्याच्या चालीने कापत असे, आणि हे रोज रात्री, उपचारात काहीही रोमहर्षक न घडता. नवी कातडी वर यायला साधारण महिना लागतो आणि तेवढे दिवस टाच आपल्याकडे अनोळखी माणसासारखी बघत राहते. पाचव्या आठवड्यात भेगांच्या कडा मिळू लागल्या. रुंद बुटांमुळे कुरूपही खचल्यासारखे दिसू लागले.

याच सुमारास मलमाची नळी हिशेबापेक्षा लवकर संपू लागली. दोन टाचांना इतके मलम लागत नाही, हे मला आता पक्के ठाऊक होते. शिवाय मोज्यांचा एक जोडही सापडत नव्हता. एके रात्री उशिरा पलंगाच्या दुसऱ्या बाजूने नळीचे झाकण उघडल्याचा ‘टप्’ असा बारीक आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत. कूस बदलली आणि अंधारातच म्हणालो, “बेचक्यांत लावू नकोस.”